गाव, मुकादम आणि मजुरी : जुन्नर-आंबेगावची माणसे मुंबईत कशी रुजली?

१/
दुपारी मुंबईच्या एखाद्या स्थानकाबाहेर डब्यांची पाटी उतरवणाऱ्या माणसाला त्याचे गाव विचारावे. उत्तरात बहुधा जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ किंवा अकोले यांपैकी एका तालुक्याचे नाव येते. शंभराहून अधिक वर्षे हा व्यवसाय सह्याद्रीच्या याच पट्ट्यातील माणसांच्या हाती राहिला आहे. मुंबईत देशभरातून माणसे आली. मग हेच काम याच तालुक्यांकडे का गेले? या प्रश्नाच्या मागे एक मोठा प्रश्न आहे : शहरात कोणाला कोणते काम मिळते आणि त्याचे किती पैसे मिळतात, हे कोण ठरवते? या धाग्यात त्याचा मागोवा.

२/
सुरुवात ओझरपासून. कुकडीच्या काठी वसलेले, अष्टविनायकांपैकी श्रीविघ्नेश्वराचे हे गाव जुन्नर तालुक्यात येते. तालुक्याची पश्चिम बाजू घाटमाथ्याची : धो धो पाऊस, उताराची जमीन, भात आणि नाचणी. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि बाजरीचा मुलूख लागतो. धरणे आणि कालवे येण्यापूर्वी दोन्हीकडे एकच अडचण होती. खरीप निघाला की वर्षाचे उरलेले महिने हाताला पुरेसे काम नसे. एका घरातील तीन-चार भावांना पोसण्याइतकी जमीन नसे. त्यातला एक तरी भाऊ घाट उतरणार, हे जवळजवळ ठरलेले असे.

३/
घाट उतरणे या प्रदेशाला नवे नव्हते. जुन्नरहून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाणारा नाणेघाट सातवाहनकाळापासून वाहता होता. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवला जातो. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे खोदवून दान दिले; काही दानांची रक्कम श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली गेली. एकटा कारागीर आज आहे, उद्या नाही. त्याचा गट मात्र टिकतो आणि शब्द पाळतो, हा विश्वास त्यामागे होता. पुढच्या कथेतही हाच विश्वास वेगळ्या रूपात भेटतो.

४/
आता थेट एकोणिसाव्या शतकात. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पूर्ण झाला. याच काळात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या. इकडे दख्खनची शेती कर्जात रुतत होती. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. लगोलग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. शेतीतून बाहेर पडण्याची निकड आणि शहरातील मजुरीची मागणी एकाच पिढीत समोरासमोर आली.

५/
या स्थलांतराने मुंबईची लोकसंख्या कशी घडवली, हे १९२१ च्या जनगणनेत दिसते. शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. दर १,००० पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम ५२५. म्हणजे कमावत्या वयाच्या, एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हे शहर होते. सर्वांत मोठा लोंढा रत्नागिरीचा. देशावरून पुणे, सातारा आणि नगर जिल्ह्यांतील माणसे येत. त्यांची बायका-मुले आणि म्हातारे आईवडील गावीच राहत.

६/
या लोकसंख्येच्या रचनेचा मजुरीशी थेट संबंध आहे. कामगाराचे बालपण गावाने पोसलेले, आजारपणात तो गावी जाणार, म्हातारपणही गावीच काढणार. शहरात कुटुंब वाढवण्याचा खर्च गिरणीमालकाच्या हिशेबात धरलाच जात नसे. एका माणसाच्या पोटापुरते आणि वर थोडी मनीऑर्डर पाठवता येईल इतके वेतन चालून जाई. शेतात राबणाऱ्या बायकोचे श्रम त्या कमी वेतनाला अदृश्य टेकू देत होते. दुसऱ्या बाजूने पाहता, गावची जमीन हाच कामगाराचा आधारही होता. संप लांबला की तो गावी जाऊन तग धरू शकत असे.

७/
गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या नव्या माणसाला काम कोण देई? साहेब नव्हे, मालकही नव्हे. ते काम जॉबरचे, म्हणजेच मुकादमाचे होते. तो स्वतः जुना कामगार असे आणि आपल्या खात्यातील माणसे भरण्याचा, काढण्याचा व त्यांच्याकडून काम करून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. रोज सकाळी गैरहजर कामगारांच्या जागी बदली कामगार घेतले जात. त्या गर्दीतून कोणाला आत घ्यायचे, हेही तोच ठरवी. साहजिकच तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीतले हात आधी उचलत असे.

८/
या शिफारशीला किंमत होती. नोकरी लागताना आणि पुढेही अनेकदा जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. काही जॉबर व्याजाने पैसे देत, काहींचे खोल्यांत वा दुकानांत हितसंबंध असत. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने या लाचखोरीवर कठोर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. परंतु जॉबर सर्वशक्तिमान नव्हता. वेळेवर माणसे हजर करणे हीच त्याची सत्ता होती, आणि चाळीतली, गावची माणसे त्याच्यावर रुसली तर ती सत्ता उरत नसे. म्हणून गाववाल्यांना त्याची जितकी गरज, तितकीच त्यालाही त्यांची.

९/
फाटकाबाहेर दुसरी व्यवस्था उभी होती : गावाची खोली. एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष वर्गणी काढून एक खोली घेत. पाळ्यांनुसार झोपत, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खाणावळीत. नवखा पोरगा एसटीतून किंवा रेल्वेतून उतरला की थेट तिथेच येई. काम मिळेपर्यंत त्याचा खर्च इतर सोसत. आजारी पडला तर गावी पोहोचवत. देशावरच्या गावांत अशा माणसांना आजही ‘मुंबईकर’ म्हणतात. यात्रेची वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली यांत मुंबईकर मंडळींचा वाटा ठरलेला. या वर्गणीतूनच कोण गावाशी बांधलेला आहे याची नोंद राही, आणि तीच पुढे शिफारशीसाठी उपयोगी पडे.

१०/
ही पद्धत एकट्या घाटावरच्या माणसांची नव्हती. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी मुंबईत, विशेषतः धोबीतलाव परिसरात, ‘कूड’ उभारले होते. प्रत्येक कूड एखाद्या गावाचा. जहाजावर नोकरी करणारा खलाशी किंवा आचारी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे राही, आणि पुढच्या जहाजाची बातमी त्याला तिथेच कळे. भाषा वेगळी, धर्म वेगळा, व्यवसाय वेगळा; तरी गावाची खोली, तिची वर्गणी आणि तिच्यातून मिळणारी नोकरी ही रचना मात्र तीच. परक्या शहरात विमा, निवारा आणि रोजगार कचेरी यांपैकी काहीच नसताना माणसे ही तिन्ही कामे गावाकडून करून घेत होती.

११/
माणसांची संख्या अचानक घटली तर काय होते, हे १८९६ च्या प्लेगने दाखवले. साथीच्या भीतीने लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्यांत हात कमी पडले. एरवी महिन्याचा पगार उशिराने देणारे मालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मजुरांसाठी बोली लागू लागली. मालकांनी आपापसांत दर रोखण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. साथ ओसरली, गावाकडची माणसे परतली आणि कामगारांच्या हाती आलेले हे बळही सरले. मजुरीचा दर कष्टांवर जितका, तितकाच रांगेत किती जण उभे आहेत यावर अवलंबून असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

१२/
ओळखीचे दार काहींसाठी उघडते, तेव्हा ते इतरांसाठी बंद असते. गिरणीत विणकामाच्या, म्हणजे साचेखात्यातील कामगारांना पगार पुष्कळ अधिक मिळे. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणावरून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिले नाही. त्यांना कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत थांबावे लागले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. मालकाविरुद्ध एकत्र येणाऱ्या कामगारांतही कोणते यंत्र कोणी चालवायचे, हे जात ठरवत होती.

१३/
स्त्रियांची कहाणी वेगळी. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री होती. त्यांच्यावर नायकीण असे, म्हणजे स्त्री जॉबर. पुढे पाळ्या, यंत्रे आणि कायदे बदलत गेले तसा त्यांचा वाटा घसरत गेला. गिरणीतून बाहेर पडलेल्या अनेकींनी खाणावळी चालवल्या. दहा-वीस गाववाल्यांचे दोन वेळचे जेवण उधारीवर रांधायचे आणि पगाराची वाट पाहायची. पुरुषांचे हे गावजाळे ज्या चुलीवर उभे होते, ती चूल सावकाराच्या कर्जावर पेटत असे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला.

१४/
जगातही हाच प्रश्न विचारला जात होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरदारांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. त्यातही उपयोगी ठरल्या त्या बहुधा जुजबी ओळखी. जवळचे मित्र ज्या बातम्या सांगतात त्या आपल्याला आधीच ठाऊक असतात. १९७३ चा त्यांचा ‘दुर्बळ नात्यांचे बळ’ हा सिद्धान्त यातूनच पुढे आला. मुंबईत चित्र उलटे होते. इथे नोकरीची बातमी देणाऱ्याला माणसाची हमीही द्यावी लागे, आणि हमी घट्ट नात्यातूनच देता येते.

१५/
ही हमी सर्वांत ठळकपणे दिसते डबेवाल्यांच्या व्यवसायात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला, असे सांगितले जाते. कापडाच्या गिरणीत माणूस चुकला तर कापड बिघडते. इथे तो चुकला तर कोणीतरी उपाशी राहतो. ग्राहकाच्या घरी रोज जाऊन डबा घ्यायचा, अनेक हातांतून तो पोहोचवायचा आणि रिकामा डबा परत आणायचा. यासाठी भांडवल थोडे लागते, पण विश्वास मात्र प्रचंड लागतो. अनोळखी माणसाची पारख करण्यापेक्षा गावच्या घराची पारख सोपी होती. त्यामुळे एकाने पुतण्याला आणले, पुतण्याने मेहुण्याला, आणि साखळी वाढत गेली.

१६/
या साखळीचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. डबेवाले छोट्या गटांत काम करतात. प्रत्येक गटाचा एक मुकादम असतो. पूर्वी मुकादम माणसे पगारावर ठेवत. पुढे गटातील सदस्य वाटेकरी झाले : जमा झालेल्या पैशांतून खर्च वजा करून उरलेले सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. एखादा आजारी पडला तर इतरांनी त्याची फेरी उचलायची. १९५६ मध्ये त्यांच्या न्यासाची नोंदणी झाली. चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी सगळे एकदम सुट्टी घेतात. कामचुकारपणाची बातमी त्या यात्रेत गावभर होते. नियमावलीपेक्षा हा धाक मोठा. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण लिहिले.

१७/
या कौतुकाच्या बातम्यांत एक गोष्ट निसटते. जी व्यवस्था जुन्नर-आंबेगावच्या कमी शिकलेल्या तरुणाला शहरात पहिल्या दिवसापासून समान वाटा देऊ शकते, तीच मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेल्या, तितक्याच कष्टाळू तरुणाला सहसा आत घेत नाही. त्याचे कारण दुष्टावा नाही. बाहेरच्या माणसाची हमी घेणारा कोणी नसतो, त्याच्या गावी कोणी त्याला जाब विचारू शकत नाही. विश्वासाची जी भिंत आतल्यांना सांभाळते, ती बाहेरून पाहणाऱ्याला भिंतच दिसते.

१८/
हे नाते कायद्याच्या चौकटीत आणण्याचा मोठा प्रयत्न माथाडींच्या बाबतीत झाला. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्या या कामगारांत सातारा आणि पुणे जिल्ह्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती, आणि तेही टोळी आणि मुकादम या पद्धतीनेच काम करत. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरचा अधिभार मंडळात भरायचा. त्यातून कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपचार यांची तरतूद. टोळी राहिली, पण पैशांचा हिशेब कागदावर आला. ओळखीने मिळालेल्या कामाला हक्काची जोड मिळाली.

१९/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांचे जग पूर्वीसारखे राहिले नाही. हजारो कामगार गावी परतले. ज्या जाळ्याने तीन-चार पिढ्यांना नोकऱ्या दिल्या, त्या जाळ्याकडे आता देण्यासारखी नोकरीच उरली नाही. इथे एक उणीव उघडी पडली. एका गावाची सर्व माणसे एकाच धंद्यात असली की भरभराटीच्या काळात ती एकमेकांना वर ओढतात. धंदा बुडाला की सारी एकदम बुडतात, आणि हात द्यायला वेगळ्या धंद्यातला नातेवाईक सापडत नाही.

२०/
पुढच्या पिढीवर याचा परिणाम काय झाला? अर्थतज्ज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादर परिसरातील शाळांत शिकलेल्या मुलांच्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. १९९० च्या दशकात इंग्रजी शिक्षणाचे आर्थिक मोल वाढले होते. तरीही कामगार जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहण्याचे प्रमाण अधिक होते, कारण जातीच्या जाळ्यातून कामगाराची नोकरी मिळण्याची त्यांना खात्री होती. त्यांच्या बहिणींसाठी त्या जाळ्यात जागाच नव्हती. म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. भावांना वारशात मिळालेली ओळख त्यांचीच बेडी ठरू लागली.

२१/
आता पुन्हा कुकडीकाठी. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने पूर्वेचे चित्र पालटले. ओझर आज येडगावच्या जलाशयाकाठी आहे. आसपास ऊस, द्राक्षे, टोमॅटो. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर ओळखला जातो. हा भाग आता मजूर मागवतो. पश्चिमेच्या डोंगरातील आदिवासी कुटुंबे आणि अकोल्याकडचे मजूर कामासाठी इथे येतात. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ज्यांच्या शेतांना पाणी मिळाले आणि ज्यांची शेते पाण्यात गेली, ती माणसे वेगळी होती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या फाटकावर ओळख शोधणाऱ्यांचे नातू आज मजुरीचा दर ठरवण्याच्या बाजूला उभे आहेत.

२२/
२०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या आणि अनेक डबेवाले गावी परतले. त्यांना सामावून घेणारे घर आणि शेत गावी होते, हे त्या जुन्या व्यवस्थेचे शेवटचे मोठे देणे म्हणता येईल. या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. ‘अमुक तालुक्याची माणसे मुळातच कष्टाळू’ हे गौरवाचे वाक्य इतिहास समजावत नाही. कष्टाळू माणसे सर्वत्र होती. कोणाच्या गावचा माणूस फाटकाच्या आत आधी पोहोचला, त्याच्यामागे रांगेत किती जण होते, आणि ते फाटक कोणत्या जातीला व कोणत्या लिंगाला बंद होते, यांवर पिढ्यांची कमाई ठरली. आजच्या एखाद्या नोकरीतील ‘रेफरन्स’कडे पाहताना हा हिशेब आठवावा.